वर्गणी कशासाठी मागावी: बडोद्यातील एका दुर्मिळ आजाराच्या मदतनिधीचे प्रकरण

ही नोंद बडोद्याच्या दांडिया बाजार परिसरात राहणाऱ्या एका मराठी कुटुंबातील मुलीच्या आजाराची आणि तिच्यासाठी उभ्या राहिलेल्या मदतनिधीची आहे. कुटुंबाची ओळख पटू नये म्हणून वय, नाती आणि काही किरकोळ तपशील बदलले आहेत. आजाराचे स्वरूप, सरकारी योजना, कायदे आणि हिशेबाची पद्धत यांत काहीही बदललेले नाही. मी व्यवसायाने चार्टर्ड अकाउंटंट आहे आणि या निधीचे हिशेब पाहत आले आहे. त्यामुळे या नोंदीत पैशाच्या बाजूला जास्त जागा मिळाली आहे. उपचारासाठी लोकांकडे मदत मागितली जाते तेव्हा भावना खरी असते, धावपळही खरी असते. पण मागितलेली रक्कम नेमक्या कोणत्या खर्चासाठी आहे आणि ती जमली तर काय साधेल, हे फारसे कोणी विचारत नाही. हा प्रश्न या प्रकरणात वेळेवर विचारला गेला, म्हणून ते लिहून ठेवणे मला आवश्यक वाटते.

निदानापर्यंत

मुलगी तीन वर्षांची असल्यापासून तिचे पोट मोठे दिसत असे. हातपाय काटकुळे आणि पोट पुढे आलेले, म्हणून घरच्यांना आधी जंतांची शंका आली. पुढे वरचेवर घोळणा फुटू लागला, जिना चढताना ती दमू लागली आणि रात्री पाय दुखतात म्हणून रडू लागली. रक्ताच्या तपासणीत हिमोग्लोबिन आणि प्लेटलेट दोन्ही कमी आली. पावसाळ्याच्या दिवसांत ताप, वाढलेली प्लीहा (पाणथरी) आणि कमी प्लेटलेट एकत्र दिसली की डॉक्टरांच्या मनात मलेरिया प्रथम येतो आणि ते स्वाभाविकही आहे. मलेरियाचे औषध झाले, लोहाच्या बाटल्या झाल्या, तरी प्लीहा होती तशीच राहिली. रक्ताच्या कर्करोगाच्या शंकेने शेवटी अस्थिमज्जेची तपासणी केली, तेव्हा कर्करोगाच्या पेशी सापडल्या नाहीत. मात्र चुरगळलेल्या पातळ कागदासारख्या दिसणाऱ्या मोठाल्या पेशी सापडल्या. नमुन्याची काचपट्टी तपासणाऱ्या पॅथॉलॉजिस्टबाईंनी अहवालाच्या शेवटी एक ओळ जास्तीची लिहिली: साठवणीच्या आजाराची शक्यता तपासावी. त्या एका ओळीमुळे रक्ताचा नमुना विकराच्या (एन्झाइमच्या) तपासणीसाठी अहमदाबादला गेला आणि २०२३ च्या हिवाळ्यात गोशे आजाराचे निदान पक्के झाले. पहिल्या लक्षणापासून इथवर यायला दोन वर्षांहून अधिक काळ गेला होता.

गोशे आजार, ज्याला आपल्याकडे अनेक ठिकाणी गौचर असेही म्हणतात, फिलिप गोशे या फ्रेंच वैद्यकीय विद्यार्थ्याने १८८२ मध्ये प्रथम नोंदवला. ग्लुकोसेरेब्रोसिडेज नावाचे विकर शरीरात पुरेसे तयार होत नसल्यामुळे एक विशिष्ट मेदयुक्त पदार्थ विघटित न होता पेशींत साठत जातो, आणि त्याचा भार प्लीहा, यकृत व हाडांच्या मज्जेवर पडतो. आई आणि वडील दोघेही सदोष जनुकाचे वाहक असले, तर त्यांना स्वतःला काहीही त्रास नसतो, परंतु प्रत्येक गर्भारपणात मुलाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. या आजारावर उपचार आहे, ही त्यातील मोठी दिलाशाची बाब. कमी पडणारे विकर शिरेतून देण्याचा उपचार १९९१ पासून अमेरिकेत मान्यताप्राप्त आहे. सुरुवातीला ते मानवी वारेपासून काढावे लागे, १९९४ पासून जैवतंत्रज्ञानाने बनवलेले इमिग्लुसरेज मिळू लागले. उपचार नियमित झाला तर प्लीहा आटते, रक्तघटक सुधारतात, मूल वाढीला लागते. मात्र हे विकर दर पंधरा दिवसांनी आणि जन्मभर द्यावे लागते.

पहिले आवाहन

निदान झाल्यावर आठवड्याभरात मुलीच्या वडिलांच्या मित्रांनी व्हॉट्सअ‍ॅपवर आवाहन फिरवले. त्यात मुलीचा रुग्णशय्येवरील फोटो, ‘एक कोटी रुपयांची तातडीने गरज’ हे वाक्य आणि वडिलांच्या बचत खात्याचा क्यूआर कोड होता. त्या वर्षांत स्नायू दुबळे करणाऱ्या स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रोफीच्या बाळांसाठी सुमारे १६ कोटींच्या एकाच इंजेक्शनची मोठी आवाहने देशभर गाजली होती आणि गुजरातेतही तशी रक्कम लोकांनी जमवली होती. त्यामुळे दुर्मिळ आजार म्हणजे एक अवाढव्य आकडा, एक इंजेक्शन आणि मग सुटका, अशी समजूत लोकांच्या मनात पक्की बसलेली होती.

गोशे आजाराचा हिशेब तसा नाही. या मुलीचे वजन तेव्हा १६ किलो होते आणि डॉक्टरांनी किलोमागे ६० युनिट औषध ठरवले होते. म्हणजे एका वेळेस ९६० युनिट. कुपी ४०० युनिटची येते, तेव्हा दर खेपेला ३ कुप्या आणि वर्षाच्या २६ खेपांना ७८ कुप्या. वजन २० किलोपर्यंत वाढले तरी ३ कुप्यांत भागते. त्यापुढे चौथी कुपी लागते आणि वर्षाचा आकडा १०४ वर जातो. औषधाने मूल सुधारते, सुधारले की त्याचे वजन वाढते आणि वजन वाढले की औषधाचा खर्च वाढतो. केंद्र सरकारच्या २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मिळ आजार धोरणातच असे नमूद केले आहे की, १० किलो वजनाच्या मुलाच्या काही दुर्मिळ आजारांवरील उपचाराचा वार्षिक खर्च १० लाखांपासून १ कोटीहून अधिक असू शकतो, आणि वय व वजन वाढेल तसा तो वाढत जातो.

अशा आजारात एक कोटी रुपये जमले तरी ते किती दिवस पुरणार? आणि मध्यमवर्गीय मराठी वस्तीने एकदा ओंजळ रिकामी केली, की दुसऱ्या वर्षी त्याच दारात त्याच फोटोसह उभे राहणे कोणाला जमणार? एका गणेश मंडळाच्या माजी खजिनदारकाकांनी हा प्रश्न मदतनिधीसाठी जमलेल्या समितीच्या पहिल्याच बैठकीत स्पष्ट विचारला. बैठकीत काही जणांना तो कठोर वाटला, पण माझ्या मते या प्रकरणातील सर्वांत उपयोगी वाक्य तेच होते.

औषध कोणाच्या पैशाने, बाकीचे कोणाच्या

दुर्मिळ आजार धोरणाने आजारांचे तीन गट केले आहेत. पहिल्या गटात एकदाच्या उपचाराने बरे होऊ शकणारे आजार आहेत, दुसऱ्यात तुलनेने कमी खर्चाचा पण दीर्घकाळचा उपचार लागणारे, आणि तिसऱ्यात उपचार उपलब्ध असूनही तो अतिमहाग व जन्मभराचा असलेले आजार. मज्जासंस्थेवर फारसा परिणाम न झालेला गोशे आजार तिसऱ्या गटात येतो. मूळ धोरणात या गटाला केंद्राच्या तिजोरीतून थेट मदतीची तरतूद नव्हती. मे २०२२ मध्ये दुरुस्ती होऊन तिन्ही गटांतील रुग्णांना ५० लाख रुपयांपर्यंतची मदत लागू झाली. ही रक्कम कुटुंबाच्या हाती पडत नाही. केंद्र सरकारने नेमलेल्या उत्कृष्टता केंद्राकडे, म्हणजे अशा आजारांसाठी निवडलेल्या रुग्णालयाकडे, ती जाते आणि उपचार त्या केंद्रात नोंदणी करून घ्यावा लागतो. बडोद्याच्या या कुटुंबाने मुंबईच्या परळ येथील केईएम रुग्णालयातील केंद्राकडे अर्ज केला.

त्याखेरीज औषधाच्या उत्पादक कंपनीच्या धर्मादाय योजनेतून भारतातील मोजक्या गोशे रुग्णांना मोफत औषध मिळत आले आहे. त्याही योजनेसाठी कागदपत्रे तयार करण्यात आली. परदेशातून स्वतःच्या वापरासाठी मागवलेल्या दुर्मिळ आजारांच्या औषधांवरील सीमाशुल्क १ एप्रिल २०२३ पासून माफ झाले आहे, हेही कुटुंबाला याच काळात समजले.

या माहितीतून समितीने जो निष्कर्ष काढला, तो या प्रकरणाचा गाभा आहे. औषधाचा खर्च पेलण्याची ताकद सरकार आणि उत्पादक यांच्यातच आहे. वस्तीची वर्गणी त्या खर्चाला पुरी पडणार नाही. परंतु औषधापर्यंत पोहोचण्याचा खर्च कोणतीच योजना देत नाही, आणि नेमका तिथेच कुटुंबाचा पाय अडकतो. जनुकीय तपासणी, एमआरआय, प्लीहेच्या आकाराची सोनोग्राफी, कागदपत्रांच्या फेऱ्या, पंधरवड्याचा प्रवास, मुंबईतील एक दिवसाचे राहणेखाणे आणि वडिलांचा बुडालेला रोज, या सगळ्याची बेरीज वस्तीच्या आवाक्यातली होती. वडील मकरपुरा औद्योगिक वसाहतीतील एका लहान कारखान्यात फिटर आहेत. महिन्याला दोन दिवसांची रजा मिळते, पण बिनपगारी.

एक उदाहरण पुरेसे आहे. थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकलसेल अशा आजारांच्या रुग्णांना उपचारासाठी रेल्वेभाड्यात सवलत मिळते, परंतु त्या यादीत गोशे आजार नाही. बडोदे ते मुंबई सुमारे ३९० किलोमीटर. आई-वडील आणि मुलगी रात्रीच्या गाडीने निघून पहाटे बोरिवलीला किंवा दादरला उतरतात, सकाळी नाव नोंदवतात आणि कुप्या फ्रिजमधून बाहेर निघण्याची वाट पाहतात. औषध २ ते ८ अंश तापमानात ठेवावे लागते. परिचारिका पूड झालेल्या औषधात मोजून निर्जंतुक पाणी घालतात, कुपी जोरात न हलवता हलकेच फिरवून ते विरघळू देतात, मग सलाइनमध्ये मिसळून शिरेतून एक ते दोन तास सोडतात. त्या वेळात मुलगी चित्रे रंगवते. संध्याकाळच्या गाडीने तिघे परत निघतात आणि दुसऱ्या दिवशी ती शाळेत जाते. या प्रवासाचा खर्च एका खेपेपुरता किरकोळ दिसतो, पण वर्षाला २६ खेपा आणि त्याही दरवर्षी, असे मांडले की तो का झेपत नाही ते कळते.

म्हणून नव्या आवाहनातून ‘एक कोटी’ गेले आणि त्याजागी एका खेपेचा खर्च आला: तिकिटे, रिक्षा-टॅक्सी, जेवण, बुडालेला रोज. ज्याला जमेल त्याने एक खेप उचलावी, ज्याला जमणार नाही त्याने दोघातिघांत मिळून उचलावी, असे लिहिले. काही घरांनी वाढदिवसाची, काहींनी आईवडिलांच्या श्राद्धाची तारीख धरून खेप घेतली. देणाऱ्याला आपला पैसा कुठे गेला ते दिसत होते आणि समितीलाही वर्षभराचे नियोजन करता येत होते. पहिल्या आवाहनापेक्षा रक्कम लहान होती, पण ती नियमित येऊ लागली. जन्मभराच्या आजारात मला नियमितपणाचे मोल जास्त वाटते.

फोटो

या बदलातील सर्वांत अवघड भाग पैशाचा नव्हता. मंडळाच्या तरुण कार्यकर्त्यांचे म्हणणे होते की, फोटोशिवाय लोक पैसे देत नाहीत, आणि त्यांचे निरीक्षण चुकीचे नव्हते. मुलीच्या आजीने मात्र ठाम नकार दिला. समितीचे सचिव घरी गेले तेव्हा त्या म्हणाल्या, “अरे बाळा, तिच्या फोटोवर पैसे मागू नकोस. ती मोठी होईल, शाळेत जाईल, तेव्हा सगळे गाव तिला त्या फोटोनेच ओळखेल. तिचे लग्नाचे वय होईल तेव्हा तोच फोटो कोणाच्या तरी मोबाइलमधून निघेल.”

आजीचे शेवटचे वाक्य काहींना जुनाट वाटले. मला वाटले नाही. आनुवंशिक आजाराचा शिक्का आपल्या समाजात एका मुलीपुरता राहत नाही; तो तिच्या भावंडांवर, मावशी-आत्यांच्या मुलांवरही पडतो, आणि वाहक असणे म्हणजे आजारी असणे नव्हे हे समजावून सांगायला कोणी बसत नाही. पाच वर्षांच्या मुलाची संमती घेता येत नाही आणि एकदा पसरलेला फोटो परत घेता येत नाही. समितीने आधीचा फोटो काढून टाकण्याची विनंती सर्व गटांत केली आणि पुढे कोणत्याही आवाहनात मुलीचे नाव, शाळा किंवा चेहरा येणार नाही असा ठराव केला. फोटोच्या जागी खर्चाचा तक्ता आणि डॉक्टरांच्या अहवालाची ओळख झाकलेली प्रत देण्यात आली. पहिल्या महिन्यात देणग्या घटल्या, हे खरे आहे. तरीही ठराव बदलला नाही, आणि मी तो योग्य मानते.

पैसा कोणत्या खात्यात

वडिलांच्या खात्यात पैसे घेणे मी पहिल्याच आठवड्यात थांबवायला सांगितले. नातेवाईक नसलेल्या लोकांकडून वर्षभरात मिळालेली रक्कम ५० हजारांच्या वर गेली की आयकर कायद्यानुसार ती पूर्ण रक्कम उत्पन्नात धरली जाऊ शकते. आजारी मुलीच्या फिटर वडिलांना अशी नोटीस यावी यासारखा अन्याय नाही. नोंदणीकृत धर्मादाय न्यासाकडून मिळालेल्या मदतीला हा नियम लागू होत नाही. शहरातील एका जुन्या मराठी न्यासाच्या उद्दिष्टांत वैद्यकीय साहाय्य होते आणि त्याची आयकर नोंदणीही चालू होती. त्यांनी दुर्मिळ आजारांसाठी स्वतंत्र खाते ठेवण्याचे मान्य केले. देणगीदारांना आयकर कायद्याच्या कलम ८० जी ची करसवलत मिळू लागली; रोख दिलेल्या देणगीवर मात्र ती २ हजारांपर्यंतच मिळते. वर्षअखेरीस देणगीदारांची नावे व पॅन आयकर खात्याला कळवून प्रमाणपत्रे द्यावी लागतात, म्हणून पावतीवर पॅन लिहिण्याची सवय कार्यकर्त्यांना लावावी लागली.

गणपतीच्या मांडवातील दानपेटीचा प्रश्न वेगळाच निघाला. धर्मादाय न्यासाला मिळालेल्या निनावी देणग्या एका मर्यादेपलीकडे गेल्या की त्यांवर ३० टक्के कर लागतो. ही मर्यादा १ लाख रुपये किंवा एकूण देणग्यांच्या ५ टक्के, यांतील जी जास्त असेल ती. पेटी ठेवली, पण तिच्याशेजारी पावतीपुस्तक घेऊन एक कार्यकर्ता बसवला. अमेरिकेत स्थायिक झालेल्या बडोदेकरांकडूनही विचारणा झाली. न्यासाकडे विदेशी देणगी स्वीकारण्याची नोंदणी नव्हती, त्यामुळे परदेशी नागरिकत्व घेतलेल्यांचे पैसे नम्रपणे नाकारले. भारतीय नागरिकत्व असलेल्यांनी स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेले स्वीकारले. एकाच घरातील दोन भावांपैकी एकाचे पैसे घेतले आणि दुसऱ्याचे परत केले, असेही घडले. समजावून सांगितल्यावर दुसऱ्या भावाने आपल्या बडोद्यातील आईला पहिल्या खेपेला सोबत पाठवले.

पूर

२०२४ च्या ऑगस्टअखेरीस बडोद्यातून वाहणाऱ्या विश्वामित्री नदीला मोठा पूर आला आणि शहराचा बराच भाग पाण्याखाली गेला. गणेश चतुर्थी ७ सप्टेंबरला होती. मंडळांनी गोळा केलेली वर्गणी पूरग्रस्तांकडे वळवली, आणि ते करणे भागच होते. ज्यांच्या घरातले धान्य भिजले त्यांच्या दारात दुसऱ्या कारणासाठी जाता येत नाही. त्याच आठवड्यात मुलीची खेप होती आणि गाड्या रद्द झाल्या होत्या. एक खेप चुकल्याने लगेच धोका नसतो असे डॉक्टरांनी सांगितले आणि पुढच्या उपलब्ध तारखेला औषध दिले गेले. या अनुभवानंतर समितीने तीन महिन्यांच्या प्रवासखर्चाइतकी शिल्लक नेहमी बाजूला ठेवण्याचा नियम केला.

जागृती नेमकी कोणाची

२९ फेब्रुवारी २०२४ रोजी, म्हणजे दुर्मिळ आजार दिनी, पहिली सभा झाली. हा दिवस २००८ मध्ये २९ फेब्रुवारी या दुर्मिळ तारखेला सुरू झाला आणि तेव्हापासून फेब्रुवारीच्या अखेरच्या दिवशी पाळला जातो. सभेला गर्दी बरी होती, पण भाषणे ऐकून घरी गेलेल्या माणसाने पुढे काय करायचे हे त्यात नव्हते. नंतरच्या बैठकीत मुलीच्या आईने विचारले की, दोन वर्षे आम्ही ज्या ज्या दवाखान्यांत गेलो, त्यांतले कोणी या सभेला होते का? कोणीही नव्हते.

त्यानंतर जागृतीचा रोख बदलला. शहरातील एका बालरोगतज्ज्ञांनी अर्ध्या पानाचा मजकूर मराठी, गुजराती आणि इंग्रजीत तयार केला. त्यात कळकळीचे शब्द नव्हते, एकच सूचना होती: प्लीहा वाढलेली आहे, प्लेटलेट कमी आहेत, मलेरियाच्या उपचाराने फरक नाही, अशा रुग्णात प्लीहा काढण्याचा विचार करण्याआधी विकराची तपासणी करावी. खाली अहमदाबादच्या फाउंडेशन फॉर रिसर्च इन जेनेटिक्स अँड एंडोक्रिनॉलॉजीसारख्या ठिकाणी ही तपासणी होते हे आणि नमुना कसा पाठवावा ते लिहिले. कार्यकर्त्यांनी तो कागद राओपुरा, वाडी, कारेलीबाग भागांतील दवाखान्यांत आणि रक्ततपासणी केंद्रांत स्वतः जाऊन दिला. तपासणी केंद्रांवर मी मुद्दाम जोर धरला होता, कारण या मुलीचे निदान एका पॅथॉलॉजिस्टबाईंच्या जास्तीच्या ओळीमुळे झाले होते. तपासणीचा खर्च ज्याला परवडत नाही त्याचा तो निधीतून देण्याचे ठरले आणि तशा विनंत्या येऊ लागल्या. त्यांपैकी बहुतेकांना हा आजार निघाला नाही. तेही कळणे त्या घरांसाठी मोलाचे होते. कुटुंबातील इतरांच्या वाहक-तपासणीसाठी मात्र निधीने कोणालाही आग्रह केला नाही. समुपदेशकाची भेट घडवून दिली आणि निर्णय त्यांच्यावर सोडला.

उद्योगांच्या सामाजिक दायित्व निधीसाठीही प्रयत्न झाला. हा निधी एका व्यक्तीच्या उपचारासाठी सहसा मिळत नाही, कार्यक्रमासाठी मिळतो, आणि काम करणाऱ्या संस्थेची त्यासाठी वेगळी नोंदणी लागते. न्यासाने ती नोंदणी करून तपासणी-साहाय्याचा प्रस्ताव दिला आहे. त्यावर अद्याप उत्तर आलेले नाही.

आजची स्थिती

मुलीची प्लीहा बरीच आटली आहे, घोळणा फुटणे थांबले आहे आणि वजन १९ किलोच्या पुढे गेले आहे. चौथ्या कुपीचा दिवस जवळ आला आहे. ५० लाखांची मर्यादा ही एकूण मदतीची आहे, वर्षाची नव्हे; वर्षाला समजा ४० लाखांचे औषध लागले तर ती सव्वा वर्षात संपते. देशातील अनेक मुलांचे उपचार या मर्यादेवर येऊन थांबले आहेत. दिल्ली उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये दुर्मिळ आजारांसाठी राष्ट्रीय निधी उभारून २०२४-२५ व २०२५-२६ या दोन वर्षांसाठी ९७४ कोटी रुपयांची तरतूद करण्याचा आदेश दिला, आणि मर्यादेचा प्रश्न पुढे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. बडोद्याच्या समितीने त्याची वाट पाहत बसायचे नाही असे ठरवले आहे. उत्पादकाच्या धर्मादाय योजनेतील अर्जाचा पाठपुरावा दर महिन्याला केला जातो, राज्य सरकारकडे वेगळे निवेदन दिले आहे, आणि इतर शहरांतील गोशे रुग्णांच्या पालकांशी मिळून मर्यादा वाढवण्याच्या मागणीवर सह्या घेणे सुरू आहे. या कामाचा टपाल, झेरॉक्स आणि प्रवासाचा खर्च निधीच्या वार्षिक हिशेबात स्वतंत्र रकान्यात दाखवला जातो, आणि गेल्या वार्षिक सभेत तो वाढवण्यास कोणीही हरकत घेतली नाही.